सोलो ब्रॉडनॅक्सचाच

रविवार, १ फेब्रुवारी

चर्चमध्ये घोषणा झाली. एकवीस तारखेला नदीकाठच्या परफॉर्मिंग आर्ट्स सेंटरमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांचा मोठा सोहळा. नाच, कविता, ट्रम्पेट, सगळं आपल्या लोकांचं. आणि आपल्या माउंट नीबो चर्चच्या कॉयरला एक गाणं. जुनं नदीचं गाणं. त्यात सोलो आहे.

सोलो कोण गाणार हा प्रश्नच नाही. मेकन शहरात भरदार आवाजाचे बॅरिटोन आहेत कितीतरी, रॉस्को ब्रॉडनॅक्स एकच. मागच्या ईस्टरला मी सोलो गायलो तेव्हा पहिल्या बाकावरून चर्चमधल्या सर्वांत ज्येष्ठ मदर ओफेलिया ओरडल्या, मदत कर रे देवा त्याला! मग सगळं चर्च ओरडायला लागलं. मदत कर! मदत कर! दुसऱ्या कोणाच्या गाण्याला लोकांनी थेट देवाला मध्ये घातलेलं मी पाहिलेलं नाही.

बायको म्हणते, ते कौतुक नसतं रॉस्को, गाणारा बुडायला लागला की तसं ओरडतात. अर्लीन आल्टोंच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या रांगेत उभी असते. तिथून नीट ऐकू येत नसावं.

संकल्प: तळलेला कॅटफिश बंद. रोज सकाळी मध-लिंबू. रोज तासभर रियाज. नम्रता (उद्यापासून).

मंगळवार, ३ फेब्रुवारी

कॉयरची तालीम. आमची डायरेक्टर सिस्टर व्हर्डेल हिने सोलोचं नाव जाहीर केलं. अर्लीन ब्रॉडनॅक्स.

आडनाव बरोबर होतं. पहिल्या नावात गफलत झाली असणार म्हणून तालीम संपल्यावर थांबलो. व्हर्डेल म्हणाली, गफलत नाही ब्रदर ब्रॉडनॅक्स. तुमचा आवाज मोठा आहे हो, पण तो गाण्यात राहत नाही. शेजारीपाजारी हिंडत असतो. मी आभार मानले. आवाजाचा पल्ला तिच्या लक्षात आलाय म्हणायचा.

अर्लीनचं मनापासून अभिनंदन केलं. मला हेवा वगैरे वाटत नाही. फक्त जेवावंसं वाटलं नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

अजून भूक नाही. अर्लीनने मुद्दाम कॅटफिश तळला. घरभर वास. संकल्प म्हणजे संकल्प. ती शेजारी गेल्यावर दोन तुकडे खाल्ले, पण उभ्याने. ते जेवण नव्हे.

मी किती आनंदात आहे हे तिला पुन्हा सांगितलं. भिंतीकडे तोंड करून, पांघरुणातून. ती म्हणाली, काय पुटपुटतोयस? मी म्हटलं, काही नाही, तू आता मोठी गायिका, आम्हाला कोण विचारतो.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ९

अर्लीन म्हणाली, घे बाबा तो सोलो. घे आणि जेवायला ये.

मी ठाम नकार दिला. मग तिचं मन मोडेल म्हणून लगेच हो म्हटलं. तिला आपणहून हे सुचलं याचं कौतुक वाटतं. मी एका शब्दाने सुचवलं नव्हतं.

व्हर्डेलला फोन केला. पलीकडे तिच्या हातून काहीतरी खाली पडलं. भारावली असावी. मग म्हणाली, अर्लीनने खरंच हो म्हटलंय? धमकी नाही ना दिलीत? तिला फोन द्या. त्यांचं काहीतरी बोलणं झालं. ठरलं असं की सोलो माझा, पण अर्लीनने गाणं तयार ठेवायचं. अडीअडचणीला. अडचण काय येणार? पण बायकांचं समाधान होत असेल तर होऊ दे.

नाश्त्याला कॅटफिश. आज आनंदाचा दिवस, म्हणून अपवाद.

सोमवार, ९ फेब्रुवारी

मोठे गायक कार्यक्रमाआधी आवाजाला विश्रांती देतात. आज दिवसभर मौन पाळायचं ठरवलं. सगळं खुणेने.

अर्लीन म्हणाली, लग्न झाल्यापासूनचा हा सर्वात छान सोमवार. तिने बहिणीला फोन करून बोलावून घेतलं, ये लवकर, बघण्यासारखं आहे. दोघी पत्ते खेळत बसल्या. माझ्याकडे बघून हसत होत्या. मी खुणेने निषेध केला. मेहुणी म्हणाली, त्याला मीठ हवंय वाटतं.

मौन दुपारी मोडावं लागलं. दोघी डाव चुकीचा मोजत होत्या. ते समजावून सांगण्यात संध्याकाळ झाली. घसा बसला. अर्लीन म्हणाली, देव आहे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पोशाख. कॉयरचे झगे मरून रंगाचे. त्यात सोलो गाणारा उठून दिसणार कसा? म्हणून खांद्यावरून घ्यायला घानाचं केंटे कापड मागवलं. सोनेरी, हिरवं, लाल. पूर्वजांचं कापड. आज आलं. अंगावर टाकून आरशासमोर उभा राहिलो आणि डोळ्यांत पाणी आलं. घराणं राजाचं असणार, मला आधीपासून संशय होता.

तसाच औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार बोआटेंग घानाचा, कुमासीचा. त्याला पारख. त्याने कापडाचं टोक उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, अंकल, कापड छान आहे, पण हे टेबलावर घालायचं आहे. सहा खुर्च्यांच्या. माझ्या मावशीकडे हेच आहे. मी म्हटलं, मग तुझी मावशीही राजघराण्यातली. तो म्हणाला, असेल, तिच्या कापडावर नेहमी रस्सा सांडलेला असतो.

घशाच्या गोळ्या घेतल्या. कापड परत करणार नाही. टेबल काय, माणूस काय, श्रद्धा महत्त्वाची.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सेंटरमध्ये रंगीत तालीम. आज मन भरून आलं, ते लिहायलाच हवं. लहानपणी हे नुसतं थिएटर होतं, तेव्हा आम्हा काळ्या माणसांना गल्लीतल्या जिन्याने वर माळ्यावर बसवायचे. खालच्या खुर्च्या कशा दिसतात ते वाकून बघायचो. आज स्टेजच्या मधोमध उभा राहिलो आणि माळ्याकडे बघितलं. पुढच्या शनिवारी मी इथे चांगलाच गायला पाहिजे. बाकी काही झालं नाही तरी चालेल.

सेंटरची नवी संचालिका मिस थॉर्नबरी. मिनेसोटाकडची, गोरी, फार उत्साही. जे ऐकेल त्याने भारावते. मी गात असताना कॉयरच्या टेनर रांगेतला ब्रदर लेमुएल उठला, उजव्या हाताचं बोट वर केलं, जरा वाकला आणि बाहेर गेला. थॉर्नबरीबाईंनी मला विचारलं, या खुणेचा अर्थ काय?

आता अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. प्रार्थना चालू असताना उठून जायचं तर बोट वर करून, वाकून जायचं. म्हणजे, माफ करा, मी निघतो. पण लेमुएल माझ्या सोलोतून निघून गेला असं बाहेरच्या बाईला कसं सांगणार? चर्चची अब्रू आहे. मी म्हटलं, गाणं काळजाला भिडलं आणि बसवेना की आमची माणसं बोट वर करतात. सर्वोच्च दाद आहे ती. बाईंनी छातीवर हात ठेवला. म्हणाल्या, किती सुंदर! मला कोणी सांगितलंच नव्हतं!

परत येताना लेमुएलने सांगितलं की त्याला बाथरूमला जायचं होतं. ते त्याचं मत.

आज व्हॅलेंटाइनचा दिवस होता हे घरी आल्यावर कळलं. अर्लीनला म्हटलं, माझी भेट म्हणजे शनिवारचं गाणं. ती म्हणाली, वा, मीच दिलेली वस्तू मलाच परत.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मध संपला. रियाज जमला नाही, शेजारच्यांनी कुत्रा आजारी असल्याचं सांगितलं. कुत्रा बरा होईपर्यंत मनातल्या मनात रियाज. मनात अप्रतिम होतोय.

व्हर्डेलने अर्लीनला फोन करून विचारलं की तिचं गाणं तयार आहे ना. तिसऱ्यांदा. मी फोन घेऊन म्हटलं, सिस्टर, काळजी सोडा. ती म्हणाली, कशी सोडू, तीच तर माझ्याकडे उरलीय.

शनिवार, २१ फेब्रुवारी. सकाळी

आजचा दिवस. घसा: ठीक. आत्मविश्वास: नेहमीचाच. केंटेला इस्त्री केली. अर्लीन म्हणाली, रॉस्को, घाबरलास तर माझ्याकडे बघ, मी सूर पकडून देईन. गोड आहे बिचारी. मी म्हटलं, तू घाबरलीस तर माझ्याकडे बघ.

रविवार, २२ फेब्रुवारी. दुपार

काल जे झालं ते इतिहासात जाईल. सगळं नीट लिहून ठेवतो, कारण लोक उगाच भलतंसलतं सांगतायत.

हॉल भरगच्च. पुढे सेंटरचे नेहमीचे प्रेक्षक. मधल्या रांगांत आमचं माउंट नीबो, चर्चच्या बसने आलेलं. मदर ओफेलिया पांढरी टोपी घालून मधोमध. आमच्या अशर भगिनीही होत्या, चर्चमध्ये लोकांना बसवतात, दारं सांभाळतात त्या. काल त्यांची ड्यूटी नव्हती, तरी सवयीने पांढरे हातमोजे घालून आलेल्या.

आमचं गाणं पहिलंच. थॉर्नबरीबाई माइकवर आल्या आणि म्हणाल्या, आज आपण माउंट नीबोच्या पद्धतीने दाद देऊया. गाणं काळजाला भिडलं की बोट वर करा! आमच्या लोकांत जरा खुसखुस झाली. मदर ओफेलियांना कमी ऐकू येतं, त्यांनी शेजारणीला विचारलं, काय म्हणाली? शेजारीण म्हणाली, काय की, बोटाचं काहीतरी.

मी सुरू केलं. पहिली ओळ दणदणीत. दुसऱ्या ओळीला सूर नेहमीपेक्षा जरा वर लागला. अर्लीन मागून खालच्या सुरात काहीतरी गुणगुणत होती, मी लक्ष दिलं नाही. आमच्या रांगांतून हाक आली, सावकाश रे बाळा, सावकाश! मग, मदत कर रे देवा! मी आवाज चढवला. आणि पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी लाजत लाजत बोट वर केलं. मग त्यांच्या बायकोने. मग अख्ख्या रांगेने. बघता बघता पुढचा सगळा हॉल बोटं वर करून बसला. माझ्या अंगावर काटा आला.

मदर ओफेलियांनी डोकं वर काढून पाहिलं. समोर सगळी बोटं. त्यांना वाटलं, सगळे निघाले. एवढे लोक एकदम निघतात म्हणजे काहीतरी कारण असणार. त्यांनी पर्स घेतली, बोट वर केलं, वाकल्या आणि चालू लागल्या. आता मदर ओफेलिया उठल्यावर माउंट नीबोचा माणूस बसून राहील का? सगळे उठले. बोटं वर, पाठी वाकलेल्या. अशर भगिनींनी हातमोज्यांनी धाडकन दारं उघडली. हे बघून पुढच्या रांगांना वाटलं, ही मिरवणूक आहे, परंपरा असेल. तेही उठले, बोट वर, वाकून, आमच्या लोकांच्या मागोमाग. थॉर्नबरीबाई सर्वात शेवटी. रडत होत्या. म्हणत होत्या, असं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

मला कोणी काही म्हणो, कलावंताने प्रेक्षकांसोबत राहावं. मी स्टेजवरून उतरलो, गात गात मधल्या वाटेने धावलो आणि सगळ्यांच्या पुढे झालो. पार्किंगमध्ये आलो. बसच्या पायरीवर उभं राहून तिसरं कडवं घेतलं. माइक इतक्या लांब चालत नाही, पण माझ्या आवाजाला माइकची गरज कधी होती? वारा फार होता. कापड सारखं तोंडावर येत होतं. चौथं कडवं बहुतेक त्याच्या आतून गायलो.

कापड बाजूला केलं तर समोर गर्दी कमी वाटली. पुन्हा बाजूला केलं तर आणखी कमी. लोक आत जात होते. थंडी असेल म्हणून मी आणखी जोर लावला. शेवटी मी आणि बसचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणाला, ब्रदर, पायरी सोडता का, मलाही आत जायचंय.

आतून टाळ्या ऐकू आल्या. अशा टाळ्या की भिंतीला कान लावावा लागला नाही. गाणं मी बाहेर गातोय आणि टाळ्या आत, म्हणजे आवाज पोहोचायला वेळ लागत असणार. दाराशी गेलो. दार आतून बंद. सिक्युरिटीवाला म्हणाला, तिकीट? मी म्हटलं, मी सोलो गाणारा आहे. तो म्हणाला, सोलो गाणारी आत आहे सर, मी तिचंच ऐकतोय, जरा बाजूला व्हा.

गाणारी! माझा वरचा सूर ऐकून अनेकांचा असा गोंधळ होतो. तालमीचं रेकॉर्डिंग लावलं असणार, लोकांनी आग्रह केला असेल.

आज चर्चमध्ये सगळे माझ्याकडे बघून फार प्रेमाने हसत होते. मदर ओफेलियांनी अर्लीनचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. मोठ्या कलावंताशी संसार करणं सोपं नाही, हे त्यांना समजतं. रेव्हरंड तर म्हणाले, सिस्टर अर्लीन, काल तुम्ही आम्हाला सगळ्यांना घरी परत आणलंत. बस ड्रायव्हरने आणलं होतं, पण मी मध्ये बोललो नाही.

व्हर्डेलला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, ब्रदर ब्रॉडनॅक्स, तुम्ही बाहेर गेलात ही देवाचीच कृपा. मीही तेच म्हणतोय.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

योजना: उघड्यावरचे कार्यक्रम. पार्किंग, बागा, जत्रा. भिंती माझ्या आवाजाला लहान पडतात, हे आता सिद्ध झालंय. जड कापड घ्यायचं, वाऱ्याने न उडणारं. अर्लीनला मदतनीस म्हणून न्यायचं ठरवलं. तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, बघू, मला वेळ असला तर.

हिला वेळ नसायला काय झालं?

गुरुवार, २६ फेब्रुवारी. सकाळी ११

सेंटरमधून फोन. थॉर्नबरीबाई स्वतः. मीच उचलला. म्हणाल्या, त्या आवाजाने आमच्या सगळ्यांची झोप उडालीय हो. मे महिन्यात एक अख्खी संध्याकाळ हवी आहे, फक्त एकाच आवाजाची.

मी म्हटलं, मी वाटच बघत होतो. अटी सांगितल्या. खोली उबदार हवी, मध-लिंबू हवं, सिक्युरिटीवाल्याला आधी कल्पना द्यायची. त्यांनी सगळं कबूल केलं. मग विचारलं, आणि मिसेस ब्रॉडनॅक्सना काय काय लागतं? मी म्हटलं, तिचं काही नाही हो, ती समोर बसेल कुठेतरी. बाई म्हणाल्या, समोर कशा बसतील? मग गाणार कोण?

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. त्या म्हणाल्या, हॅलो? आम्ही सगळे बाहेर होतो ना, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. कॉयर थांबलं होतं. रिकाम्या हॉलमध्ये त्या एकट्या गात होत्या. आम्ही सगळे परत आत गेलो ते त्यामुळे. तुम्ही ऐकलं नाहीत?

अर्लीनला हाक मारली. फोन दिला. तिने ऐकून घेतलं आणि हो म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

दुपारी ४

ती ओट्यापाशी कोलार्डची भाजी धुतेय आणि नदीचं गाणं म्हणतेय. मी दाराशी स्टूल घेऊन बसलो. दुसऱ्या ओळीला नेहमीप्रमाणे मदतीला तोंड उघडलं. सूर आधीच तिथे होता. तोंड मिटलं. इतकी वर्षं एका घरात, एका चर्चमध्ये, आणि ही अशी गाते हे मला टेलिफोनवर कळावं? ती गात नव्हती असं नाही. मी थांबत नव्हतो.

रडू आलं. तिच्या पाठीमागे होतो, तिला दिसलं नाही.

तिने सगळी कडवी म्हटली. माझी कुठेच गरज लागली नाही.